मशिदीजवळच्या हापशीचा अहवाल

मित्रांनो, बसा, पण त्या कोपऱ्याला नको. तिथं ओटा खचला आहे आणि शेवाळावरून पाय घसरतो. मी या ओट्याची मालकीण, गावची हापशी. वयानं जुनी, रंगानं सध्या नवी. तो रंग कसा चढला तेही सांगेन. दांडा खाली ओढला की मी करकरते. लोक म्हणतात, वायसर गेलं. खरं तर मी बोलत असते. इतकी वर्षं झाली, ते अजून कुणाला कळलेलं नाही. मोठ्या माणसांची आशा मी सोडली आहे, म्हणून तुम्हाला सांगते.

आमचं गाव वरवट बकालपासून फार लांब नाही. मशिदीच्या भिंतीला लागून हुस्नबानोंचं घर. त्या घराच्या ओसरीसमोर मी, आणि माझ्या पलीकडे ग्रामपंचायतीची कचेरी. एका बाजूला घरातलं दिसतं, दुसऱ्या बाजूला कचेरीतलं ऐकू येतं. उरलेलं गाव बायका माझ्या ओट्यावर घागरी घेऊन आल्या की आपोआप कळतं. मला एका जागेवरून हलता येत नाही, पण बातमी मला कधी कमी पडली नाही.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. मला ओतलं, घासलं, निळा रंग दिला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आडवं टाकून इथं आणलं. त्या वर्षी नदीतले झिरे आटले होते. तहान लागल्यावर विहीर खोदायची ही आपल्याकडची जुनी खोड, तसंच झालं. बोअरची गाडी आली, दिवसभर धडधडली. आधी नुसती धूळ उडाली, मग चिखल उडाला आणि मग पाणी. माणसं त्या चिखलात नाचली. हुस्नबानोंचे मालक शकूरमियाँ गाद्या-रजया भरायचं काम करत. त्यांनी आणि शेजारच्या उकंडरावांनी डोक्यावर दगड वाहून हा ओटा बांधला. पहिली बादली मशिदीत गेली, दुसरी मारुतीच्या देवळात. समोरच्या गीताबाईंनी माझ्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. मला कपाळ नाही, पण त्यांनी कुठंतरी लावलं.

मग बायकांनी ओंजळीनं चव घेतली आणि एकमेकींकडे पाहिलं.

"खारं हाये व माय," गीताबाई म्हणाल्या. "पन पानी तं हाये."

तेव्हापासून माझी ओळख तीच. आमच्या भागात जमिनीच्या पोटातलं पाणीच तसं आहे. वर सातपुड्याच्या पायथ्याकडे गेलात तर ते गोड लागतं, आमच्याकडे खारट. माझ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. साबणाला फेस येत नाही. घागरीच्या तळाला पांढरा थर बसतो आणि माझ्या तोंडाशीही तो बसला आहे, बघा. चहा केला तर दूध फाटतं. आणि चहा फाटला की पाहुण्यासमोर नाक कापलं जातं.

त्यावर आमच्या गावानं एक उपाय काढला. इथं प्रत्येक घरी दोन माठ असतात. एक घरच्यांचा, त्यात माझं पाणी. दुसरा पाहुण्यांचा, त्यात लांबून आणलेलं गोड पाणी. पाहुण्याच्या माठावर पितळी ताटली असते आणि घरातलं कुणी त्याला हात लावत नाही. शकूरमियाँ गाद्या भरायला पायथ्याच्या गावांना जात, तेव्हा येताना सायकलला एक कॅन बांधून गोड पाणी आणत. ते वारल्यावर त्यांचा मुलगा शाकिर हे काम करू लागला, आता मोटरसायकलवर. गोड पाणी स्वतः वाहून आणायचं, ओसरीवरच्या पाहुण्याच्या माठात ओतायचं, आणि तहान लागली की माझ्याकडे यायचं, असा त्याचा क्रम. मी त्याला कितीदा तरी करकरून सांगितलं, अरे, एक पेला तूही पी. तो म्हणाला, "या हापशीले तेल द्या लागते."

त्याची बायको मुबीना जानेफळची. तिच्या घरचे सोयरीक ठरवायला आले तेव्हा त्यांना पाहुण्याच्या माठातलं पाणी दिलं. पाणी गोड, चहा झकास. लग्न झालं. पहिल्या सकाळी मुबीना घागर घेऊन माझ्याकडे आली, दोन हापके मारले आणि ओंजळभर प्याली. तिचं तोंड असं वाकडं झालं की मलाच लाज वाटली. हुस्नबानो ओसरीतून हसत म्हणाल्या, "आता तू पावनी नाई राह्यली, बाई." मुबीनाही हसली. महिनाभरानं तिला चव कळेनाशी झाली.

त्या दिवसांत माझा मान मोठा होता. पहाटे रांग लागे, भांडणं होत, नव्या नवरीला आधी माझ्या पाया पडायला आणत. उकंडराव ग्रामपंचायतीत शिपाई लागले आणि गावच्या पाण्याची सगळी कामं त्यांच्याकडे आली. ते माझ्या साखळीला ग्रीस लावत, वायसर बदलत. मग घरोघर नळ आले. गरज सरो, वैद्य मरो. माझ्याकडे फक्त म्हशी यायच्या, अंग घासायला. दांड्याला कुणी धुतलेली गोधडी वाळत घाली. मी गंजले. पुढे नळाला पाणी यायचं थांबलं, कधी मोटर जळाली, कधी पाइप फुटला, आणि घागरी पुन्हा माझ्याकडे आल्या. मी रागावले नाही. रागावून करणार तरी काय?

आता बाटलीची गोष्ट सांगते. जिच्यासाठी तुम्हाला बसवून ठेवलं, ती हीच.

दर वर्षी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तालुक्याहून एक जीप येते. पहिल्यांदा आली तेव्हा तिच्यातले साहेब कचेरीच्या सावलीत बसले आणि त्यांनी उकंडरावांच्या हाती एक बाटली दिली. म्हणाले, या हापशीचं पाणी भरून आणा, तपासायला न्यायचं आहे. मित्रांनो, मला काय आनंद झाला! माझ्या पोटात काय आहे ते मला स्वतःला माहीत नाही. खारट आहे एवढं बायकांच्या तोंडावरून कळतं, पण त्यात आणखी काय आहे, ते पिणाऱ्याचं काय करतं, हे मला कोण सांगणार? आता कुणीतरी विचारणार होतं.

उकंडराव बाटली घेऊन माझ्याजवळ आले. त्यांचा उजवा खांदा दुखतो, दांडा ओढणं त्यांच्या जिवावर येतं. ओसरीवर हुस्नबानो तांदूळ निवडत बसल्या होत्या. उकंडराव तिकडे वळले.

"भाभी, साहेबाची बाटली हाये. भरून ठेवा जरा. मी तवरीक चिठ्ठी लिहून आनतो."

एवढं बोलून ते कचेरीत गेले. त्यांच्या मनात असं की हापशी चार पावलांवर आहे, भाभी तिथूनच भरणार. हुस्नबानोंच्या मनात काय आलं तेही मला कळलं, कारण त्या एकट्या असल्या की मोठ्यानं बोलतात. "बिचारा साहेब एवढ्या उन्हाचा आला, वाटेत प्याले पानी मांगते. त्याले खारं कसं द्याचं?" त्यांनी बाटली विसळली, तोंडाला पदराचं टोक लावलं, पितळी ताटली बाजूला केली आणि पाहुण्याच्या माठातलं गोड पाणी गाळून काठोकाठ भरलं. उकंडराव आले, झाकण घट्ट केलं, गळ्याला चिठ्ठी बांधली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: मशिदीजवळची हापशी.

मी ओरडले. खरं सांगते, वारा नसताना माझा दांडा हलला होता. उकंडरावांनी मागं वळून पाहिलं आणि जीपकडे गेले.

यात खोटेपणा कुणी केला, सांगा? हुस्नबानोंनी पाहुण्याचा मान राखला. उकंडरावांनी शेजारणीवर विश्वास ठेवला. साहेबांनी आलेली बाटली नेली. सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं आणि बाटलीत माझं पाणी नव्हतं. पुढच्या वेळीही तसंच झालं आणि त्याच्या पुढच्या वेळीही. आता तर जीपचा आवाज आला की हुस्नबानो आपणहून ताटली पुसून ठेवतात. मुबीना आत मशीनवर गाद्यांच्या खोळी शिवत असते, तिला यातलं काही दिसत नाही. या सगळ्या गावात ही गोष्ट एकट्या मलाच माहीत आहे.

असं चालत राहिलं असतं. पण गेल्या वर्षी शाकिरच्या पायांवर सूज आली.

आधी त्याला वाटलं, मोटरसायकलवर बसून बसून आली. मग तोंड सुजलं, जेवण जाईना, कापूस पिंजण्याचं काम दोन तासांत सोडून तो माझ्या ओट्यावर येऊन बसू लागला. मुबीना त्याला शेगावच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. परत आल्यावर तिनं वंदनाला सगळं सांगितलं. वंदना म्हणजे गीताबाईंची सून, अंगणवाडीत मदतनीस आहे आणि गावातल्या बायका कागदपत्राचं काही असलं की तिच्याकडेच जातात. डॉक्टर म्हणाले होते, किडनीवर ताण आहे, अजून हातातून गेलेलं नाही, पण कारण सापडलं पाहिजे. पाणी कुठलं पितो? हापशीचं? मग तिच्या पाण्याचा तपासणी अहवाल आणा. तोवर ते पाणी बंद, जारचं प्या. पाण्यात दोष निघाला तर ते कायमचं सोडायचं. दोष नसेल तर दुसरीकडे शोधू.

म्हणजे शाकिरचा जीव एका कागदावर येऊन थांबला. तो कागद कोणत्या पाण्याचा आहे ते मला माहीत होतं. कुणाला सांगणार? मी करकरले, एवढंच.

मुबीना हिमतीची. जारवाल्याची गाडी दारात थांबू लागली आणि ती कचेरीत गेली. अहवाल द्या म्हणाली. ग्रामसेवक म्हणाले, अहवाल इथं नसतात, तालुक्याला असतात. तालुक्याला गेली तर म्हणाले, तुमच्या ग्रामपंचायतीला पाठवले आहेत. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे लहानपणी ऐकलेलं तिला आता पटलं. ओट्यावर बसून ती रडली. तेव्हा वंदना म्हणाली, "रडून काय होते? माहितीचा अधिकार हाये न. अर्ज टाक."

पहिला अर्ज मुबीनानं स्वतःच लिहिला. छापील नमुना आणला, दहा रुपयांचं तिकीट लावलं आणि मनातलं सगळं ओतलं. हापशीचं पाणी खराब काऊन आहे? गावानं तक्रार केली नाही तर कचेरीनं स्वतःहून पाहिलं काऊन नाही? माझ्या मालकाला हा आजार काऊन झाला? अर्ज देताना पोच घेतली नाही, ते वंदनाला नंतर कळलं. काही दिवसांनी उत्तर आलं. त्यात दोन ओळी होत्या, की आपली मागणी प्रश्नार्थक स्वरूपाची आहे, अशी माहिती कार्यालयात उपलब्ध नाही.

वंदनानं ते वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"'काऊन' विचारलं का ते हात वर करतेत, मुबीना. त्यायले प्रश्न नाई विचाराचा. जो कागद त्यायच्या कपाटात हाये, त्याची नक्कल मांगाची."

"मंग पानी काऊन खराब हाये हे मले कोन सांगीन?"

"कागद सांगीन."

माझ्या ओट्यावर बसूनच दोघींनी दुसरा अर्ज लिहिला. वंदना बोलत होती, मुबीना लिहीत होती. अर्ज कुणाला? जन माहिती अधिकारी, म्हणजे ग्रामसेवकच. काय हवं? मशिदीजवळच्या हापशीच्या पाण्याच्या तपासणी अहवालांच्या साक्षांकित प्रती. कधीच्या? मागील पाच वर्षांच्या. कशासाठी हवं ते लिहायचं नाही, कायद्यात कारण सांगावं लागत नाही. माहिती दुसऱ्या कार्यालयात असेल तर अर्ज त्यांनीच तिकडे पाठवायचा, आपण हेलपाटे घालायचे नाहीत. दोन प्रती करायच्या, एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का घ्यायचा. मला हे सगळं फार आवडलं. साध्या माणसाच्या हाती एवढी ताकद असते हे मला माहीत नव्हतं.

मग वंदना हातातली पुस्तिका उलटत म्हणाली, "अजून एक हाये. नुसता कागदच नाई, जागेवर पाहनी कराले मिळते. नमुना घ्याले बी मिळते, आपल्यासमोर. लिहू का?"

मित्रांनो, माझ्या पोटातलं पाणी त्या क्षणी वर आलं असावं. लिही, लिही, लिही! समोर उभं राहून बाटली भरायची, माझ्या तोंडाखाली धरून! हुस्नबानोंना भाजी निवडू दे, उकंडरावांना चिठ्ठी लिहू दे. मुबीना तिथं उभी असली की झालं.

मुबीना माझ्याकडे बघून म्हणाली, "रोज तं पाह्यतो ताई तिले. तिची काय पाहनी कराची?"

शेजारी घागर भरत असलेल्या गीताबाई म्हणाल्या, "हातच्या कांकनाले आरसा कायले?"

आणि ती ओळ लिहिली गेली नाही.

म्हण खोटी नाही. पण मला रोज बघणाऱ्या बायकांनी मला कधी पाहिलंच नव्हतं, हे त्या म्हणीत बसत नाही. मी गप्प राहिले. नाही, खोटं कशाला सांगू, मी गप्प नव्हते. गीताबाई दांडा ओढत होत्या आणि मी जीव तोडून बोलत होते. "लईच करकरून राह्यली आज," असं त्या म्हणाल्या.

एकदा मुबीनानं स्वतःची बाटली भरून तालुक्याला नेण्याचा विचारही केला होता. बाटली घेऊन ती माझ्यापाशी आली, दांड्याला हात लावला, आणि उकंडराव कचेरीच्या पायरीवरून म्हणाले, "सूनबाई, तुमी नेलेल्या बाटलीले कोन पुसते? म्हनतीन, घरून मीठ टाकून आनलं. सरकारी बाटलीचाच कागद पाह्यजे." ते वाईट बोलले नाहीत. त्यांना तसंच वाटत होतं, आणि तिला ते पटलं. तिनं बाटलीत घरी फिनेल भरून ठेवलं.

अर्ज गेला. तीस दिवस उत्तर आलं नाही. पण इकडे एक गंमत झाली. माहिती मागितली म्हणजे तक्रार केली, असं आमच्या कचेरीला वाटतं. हापशीबद्दल अर्ज आलाय म्हटल्यावर ग्रामसेवक घाबरले. आठवड्याच्या आत माणूस आला, त्यानं माझा गंज घासला, निळा रंग दिला, वायसर बदललं. उकंडरावांनी खांदा चोळत चोळत साखळीला भरपूर ग्रीस लावलं. इतक्या वर्षांत झाली नव्हती तेवढी सेवा झाली. कुणीतरी माझा फोटोही काढून नेला. मागितला होता कागद, मिळाला रंग. येणारे-जाणारे म्हणत, हापशी नवी दिसते. मी नवी दिसले म्हणून माझं पाणी बदलणार होतं का?

कागद मात्र येईना. शाकिर जारचं पाणी पीत होता आणि त्याची सूज थोडी उतरली होती. मला ते दिसत होतं. त्याला दिसलं नाही. तो म्हणायचा, औषधानं उतरली.

वंदनानं मुबीनाकडून तालुक्याच्या वरच्या साहेबांकडे पहिलं अपील टाकून घेतलं. सुनावणीला बोलावणं आलं. मुबीना आयुष्यात पहिल्यांदा अशा खोलीत एकटी गेली. परत आली ती थेट ओट्यावर, बुरखाही न काढता, आणि घागरी खाली ठेवून बायका ऐकत बसल्या.

"साहेब म्हनले, तुमाले कशासाठी पाह्यजे हे कागद? मी म्हनलं, कारन सांगाची गरज नाई, कायद्यात हाये. साहेब पाह्यतच राह्यले."

बायका टाळ्या वाजवून हसल्या. मीही हसले असते. पण मनात आलं, या एका वेळी कारण सांगितलं असतं तर? माझा मालक आजारी आहे, असं ती म्हणाली असती तर त्या साहेबांनी कदाचित नवी बाटली घेऊन माणूस पाठवला असता. आणि तो माणूस पुन्हा सावलीत बसला असता आणि पाहुण्याच्या माठावरची ताटली पुन्हा उचलली गेली असती. मी फार विचार करते. एका जागी उभं राहिलं की असंच होतं.

साहेबांनी आदेश दिला. सगळ्या प्रती आठ दिवसांत, तेही मोफत. आणि आज दुपारी उकंडरावांनी त्या आणून दिल्या. कचेरीतल्या कपाटातच होत्या म्हणे, कुणी शोधल्या नव्हत्या.

वंदनानं त्या माझ्या ओट्यावर बसून वाचल्या. प्रत्येक पानावर वर लिहिलेलं: स्रोत, मशिदीजवळची हापशी. मधे आकडे. खाली शिक्का. आणि प्रत्येक पानावर शेवटी तेच तीन शब्द: पाणी पिण्यास योग्य.

मुबीनानं वरचं पान हातात घेतलं, पुन्हा वाचलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा इतक्या महिन्यांचा ताण सुटताना मी पाहिला. तिला वाईट वाटायला हवं होतं, नाही का? तिनं एवढं भांडून मागितलं ते पाण्याचा दोष शोधायला. पण तिला बरं वाटलं. गेली इतकी वर्षं आपणच आपल्या हातानं नवऱ्याला ते पाणी भरून देत होतो, ही टोचणी तिला आतून खात होती. कागदानं ती काढून टाकली.

"चव तं खारीच लागते व," वंदना हळूच म्हणाली. "आन चांगलं होतं तं लपवलं काऊन?"

"त्यायची सवय ताई. सिक्का हाये न यावर? एवढं भांडून आनला मी हा कागद."

हेच तर झालं. कचेरीनं तो कागद पहिल्याच दिवशी हसत हातात ठेवला असता, तर मुबीनानं त्यावर संशय घेतला असता, दहा जणींना विचारलं असतं. पण जो कागद रडून, लिहून, अपील करून मिळवला, त्याच्यावर संशय कसा घ्यायचा? हुस्नबानो ओसरीतून उठून आल्या. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि डोळे पुसत म्हणाल्या, "मी सांगत होती न, आपल्या हापशीचं पानी बरकतीचं हाये." त्यांनी माझ्या अंगावरून हात फिरवला. इतक्या मायेनं मला कुणी कधी हात लावला नव्हता, आणि तो मला सोसवेना.

जारवाल्याची गाडी आली तेव्हा मुबीनानं त्याला सांगितलं, उद्यापासून नको.

आता ऊन उतरलं आहे. शाकिर काठी टेकत येऊन ओट्यावर बसला आहे, त्या चांगल्या बाजूला. मुबीना घागर आणि ग्लास घेऊन आली आहे. तिनं दांडा ओढला. मला वाटलं, आता माझी साखळी तुटावी, पाइप फुटावा, खाली पाणीच नसावं. पण साखळीला ताजं ग्रीस आहे आणि वायसर नवं आहे. पहिल्याच हापक्याला पाणी आलं, भरभरून, तिच्याच अर्जामुळे. शाकिर म्हणाला, "वा! हापशी चांगली चालून राह्यली." आणि त्यानं ग्लास तोंडाला लावला.

मित्रांनो, मी तुम्हाला कागद मागू नका असं सांगत नाही. मागा. अर्ज करा, पोच घ्या, तीस दिवस थांबा, अपील करा, कारण विचारलं तर सांगू नका. मुबीना एका शब्दानंही चुकली नाही. पण ज्या गोष्टीबद्दल कागद मागाल, ती गोष्ट एकदा स्वतः जाऊन बघा. रोज दिसते म्हणून सोडून देऊ नका. तुमच्या गावच्या पुलाचा कागद मागाल तर पुलाखाली उतरा. शाळेचा मागाल तर वर छताकडे बघा. विहीर असो, रस्ता असो, माझ्यासारखी म्हातारी हापशी असो, आम्हाला बोलता येत नाही, आमच्याजवळ येऊनच विचारावं लागतं.

आणि तुमच्यापैकी कुणाला आज माझं करकरणं कळलं असेल, तर एक स्वच्छ बाटली घेऊन या. कुणाच्या हाती देऊ नका. माझ्या तोंडाखाली स्वतः धरा आणि भरेपर्यंत तिथून हलू नका. लवकर या. शाकिरनं दुसरा ग्लास मागितला आहे, आणि मुबीनाचा हात दांड्यावर आला आहे.